निकाळजेबाईंची हजेरी

गौरीच्या सुपात शोभतील म्हणून मी डोंगरावरून चार फुलांचे दांडे खुडून आणले आणि एका बाईच्या आठ पावसाळ्यांच्या कामावर पाणी फिरवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घेणार नाही. नातवंडं मला विचारतात, "आजी, तू लहानपणी मस्ती करायचीस?" लहानपणी नाही रे बाबांनो, साठीला टेकले तेव्हा केली. एकोणसाठ वर्षांची होते. नुकती रिटायर झालेली, केसांना ताजी मेंदी लावलेली आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशा भ्रमात वावरणारी. तेव्हाच्या मला आज कुठे भेटता आलं ना, तर तिच्या त्या मेंदीच्या डोक्यावर एक टपली मारीन.

ती बाई म्हणजे निकाळजेबाई. आमच्या कॉलेजात बॉटनीच्या लॅबमध्ये त्या अटेंडंट होत्या, मी ऑफिसात हेडक्लार्क. सगळे त्यांना निकाळजेबाई म्हणायचे, मी नुसतं 'निकाळजे'. "निकाळजे, जरा ती खिडकी लावा." त्या मला मॅडम म्हणत. आज लिहिताना 'बाई' सहज येतंय. तेव्हा तो दोन अक्षरी शब्द माझ्या तोंडाला जड होत होता.

बाई ठेंगण्या, काटक. साडी घोट्याच्या वर खोचलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मूळच्या जालन्याकडच्या, राहायला घाटकोपरला, डोंगराला चिकटून चढत गेलेल्या वस्तीत. शाळा नववीपर्यंत. पण झाडांची ती लांबलचक लॅटिन नावं त्या अशा घ्यायच्या, जणू चुलत्या-मावश्यांची नावं सांगतायत. एखादा नवा प्राध्यापक नावात अडखळला की टेबल पुसता पुसता हळूच शेवटचा अर्धा शब्द पुरवायच्या आणि पुसत पुढे जायच्या.

झाडं वाळवून कागदावर चिकटवायची, त्याला हर्बेरियम म्हणतात. ते बाईंचं राज्य. ओलं झाड वर्तमानपत्रांच्या घड्यांत घालून दाबायचं, रोज कागद बदलायचा. त्यासाठी त्या दर सोमवारी ऑफिसात रद्दी मागायला येत. मी एकदा ऐटीत रविवारच्या रंगीत पुरवण्यांचा गठ्ठा पुढे केला.

"हा नको."

"का हो? चांगला जाड आहे."

"गुळगुळीत कागद पाणी पीत नाही, मॅडम. झाड आत कुजतं." मग माझ्या टेबलाकडे बघून, "ते निविदांचं पान द्या. ते लई पितं."

मी मागे वळून सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा, आपल्या लॅबला पेपरसुद्धा पिणारा लागतो." सगळे हसले. बाईंनी निविदांचं पान नीट घडी करून नेलं.

त्यांना 'बहुतेक' हा शब्द चालत नसे. कुणी विद्यार्थी म्हणाला, "बाई, हे बहुतेक तेच झाड आहे," की त्या म्हणणार, "दिसलं का तुला? मग बहुतेक कामून?" एकदा एका बड्या प्राध्यापकांनी कॉलेजच्या कुंडीतलंच झाड वाळवायला दिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'मुलुंडची टेकडी'. बाईंनी ते वाळवलं, कागद कापला, डिंक तयार केला आणि चिकटवेनात. सर चिडले. प्रकरण ऑफिसात आलं. प्राचार्यांसमोर बाई हात मागे बांधून उभ्या. म्हणाल्या, "सर, या झाडाला मी रोज पाणी घालते. ते टेकडीवर कधी गेलं ते मला सांगा, मी चिकटवते." पुढे ते झाड चिठ्ठीशिवाय कपाटात पडून राहिलं. मी तेव्हा सरांच्या बाजूने होते. मेमो मीच टाइप केला होता.

रिटायर झाल्यावर बाई थांबल्या नाहीत. आमची सोसायटी मुलुंड पश्चिमेला, अगदी डोंगराच्या पायथ्याशी. पावसाळ्यात दर शनिवारी त्या घाटकोपरहून बस करून यायच्या, गोणपाटाचं घोंगतं डोक्यावर, पिशवीत वही. खालून मला हाक मारायच्या, "मॅडम, हजेरीला चाललेय." झाडं मोजण्याला त्या हजेरी म्हणत. एखादं झाड नाहीसं झालं तर मेलं म्हणत नसत, 'गैरहजर' लिहीत. पुढच्या वर्षी येईलही, आपण कोण ठरवणार, असं त्यांचं म्हणणं.

मी रिटायर झाले, घरात कंटाळले आणि एका शनिवारी त्यांच्याबरोबर वर गेले. वॉकिंग शूज घालून. दहा मिनिटांत दोनदा आपटले. बाई रबरी चपलेत पुढे. उताराच्या एका खडकाळ पट्टीवर त्या उकिडव्या बसल्या आणि गवत हाताने बाजूला केलं. खाली जमिनीला घट्ट चिकटलेली दोन गोल पानं. तशीच पुढे, तशीच पलीकडे.

"हीच का ती? मी तर यावर पाय दिला असता."

"सगळेच देतात."

ती आमरी होती, म्हणजे ऑर्किड. झाडावरचं नाही, जमिनीतलं. वर्षभर कंद होऊन मातीत पडून राहतं, पावसाळ्यात पानं काढतं, आणि फुललंच तर भाद्रपदात आठ-दहा दिवस. आठ वर्षांत बाईंना फूल दोनदाच दिसलं होतं. ही जागा त्यांना दाखवली जानीने. जानी वरच्या पाड्यावरची, बाजाराच्या तोंडाशी बसून शेवळं, करटोली, टाकळा अशा रानभाज्या विकायची. ती त्या झाडाला नुसतं 'ते पांढरं' म्हणायची. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून तिनेच भोवती बोरीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या होत्या आणि सरपणाला जाता-येता त्या सारख्या करायची.

उतरताना बाईंनी मला त्या यादीबद्दल सांगितलं. जगातली कुठली झाडं कितपत तगून आहेत याची एक मोठी यादी असते. कुणापुढे 'धोक्यात', कुणापुढे 'अति धोक्यात'. या आमरीपुढे लिहिलं होतं, 'माहिती अपुरी'.

"म्हणजे बरंच म्हणायचं की," मी म्हटलं. "धोक्यात तर नाही."

बाई थांबल्या. "मॅडम, धोक्यात म्हटलं की कोणीतरी धावत येतं. माहिती अपुरी म्हटलं की कोणीच येत नाही. ते गपचूप संपून जातं आणि वर माहिती अपुरीच राहती."

त्याच पावसाळ्यात टेकडीच्या पायथ्याला बोर्ड लागला, जॉगिंग ट्रॅक होणार. सिमेंटचा, बाकांसकट. आखणीचे चुन्याचे पट्टे थेट त्या खडकाळ पट्टीवरून गेले होते. बाईंनी जुन्या ओळखीतून साताऱ्याकडची एक संशोधक मुलगी गाठली. डॉक्टरेट केलेली, आमरींवरच. ती म्हणाली, नुसत्या पानांवर मी काही लिहू शकत नाही. फुललेलं दाखवा. फूल डोळ्यांनी बघितलं, एक दांडा नमुना म्हणून घेतला, की यादीसाठी अहवाल जाईल आणि तोच कागद दाखवून ट्रॅक पंधरा पावलं सरकवायला सांगता येईल. आणि हेही म्हणाली, की नमुन्याच्या कागदावर संग्राहक म्हणून बाईंचं नाव लागेल.

बाई मला हे सांगताना हसल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या नावाचे कागद चिकटवलेल्या बाई, पदराने तोंड पुसत हसल्या. आणि मी? मला टोचलं. एक सांगायचं तर सगळंच सांगते. वाटलं, बत्तीस वर्षं मी कॉलेज चालवलं, माझं नाव कुठे नाही. आणि निकाळजेचं नाव कुठल्याशा संस्थेच्या कपाटात कायमचं राहणार!

भाद्रपदात आमरी फुलली. चारच दांडे, पण फुलली. बाईंनी साताऱ्याला फोन केला. मुलगी म्हणाली, शनिवारी येते.

बुधवारी आमच्याकडे गौरी. माझी सून तन्वी नवी, तिचा पहिला ओवसा. नव्या सुनेने सूप भरून गौरीला ओवसायचं, माहेरची माणसं बघायला येणार. आमच्या मालवणात गौर म्हणजे तेरड्याची रोपं, रानातून न बोलता आणायची. बाजारात तेरडा मिळत होता, पण मेलेला, माना टाकलेला. मला ऐट दाखवायची होती. म्हटलं, मी रानातून आणीन, माझ्या आजीसारखी. सकाळी डोंगर चढले, तेरडा उपटला. परत फिरताना ती पट्टी लागली.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. सगळं माहीत होतं. बोरीच्या फांद्या मी स्वतः बाजूला केल्या, बोटाला काटा लागला तो चोखला. पांढरी, हिरवट झाकेची, कडेला झालर असलेली फुलं. मनाशी म्हटलं, कंद तर जमिनीतच राहतोय. देवीच्या पायाशी जातायत, वाईट ठिकाणी नाही. एक दांडा खुडला. मग उरलेले तीन विचित्र दिसायला लागले, म्हणून तेही खुडले. आणि न बोलता आणायची म्हणून तोंड मिटून घरी आले. गौर आणताना इतकी गप्प मी आयुष्यात कधी राहिले नव्हते.

"आई, काय झक्कास फुलं आहेत! कुठली?" तन्वी म्हणाली.

"आमच्याकडे हीच लागतात," मी ठोकून दिलं. "परंपरा आहे."

विहीणबाईंनी सुपाचे सतरा फोटो काढले.

शनिवारी सकाळी खालून हाक आली. नाही म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून गेले. बाई, ती मुलगी आणि मागे मी. वाटेत बाई कधी नव्हे त्या बडबडत होत्या. पट्टीजवळ पोचताच हातातली पिशवी खाली टाकली. उकिडव्या बसल्या. चारी बुंध्यांना एकेक करून बोट लावलं.

"शेळ्या?" मुलीने विचारलं.

"शेळी ओरबाडते. हे नखाने खुडलंय."

आणि तेव्हा, कुणी काही विचारलं नसताना, मी बोलले. "त्या भाजीवाल्या बायका असतील. गौरीच्या दिवसांत काय वाट्टेल ते विकतात. जानीला जागा माहीतच होती ना?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग खाली उतरल्या, इतक्या भराभर की आम्ही दोघी मागे पडलो. बाजाराच्या तोंडाशी जानी करटोल्यांचे वाटे लावत होती. चार गिऱ्हाइकं उभी. बाई तिथेच कडाडल्या, "जाने, चार दिवस धीर निघाला नाही का तुला? कितीला विकलंस?"

जानीला आधी कळेनाच. मग कळलं. "मी? मी विकलं? अगं बाय, मीच दावलं ना तुला ते!"

"मग कोणी नेलं?"

"मला काय ठावं?" गिऱ्हाइकं बघत होती. एक बाई म्हणालीसुद्धा, या लोकांना काय, काहीही उपटतात. जानीने करटोली टोपलीत भरली, टोपली डोक्यावर चढवली. जाताना म्हणाली, "आता तूच राख तुझं पांढरं."

मी तीन हातांवर उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. मी पिशवीतला रुमाल काढून घाम पुसला.

चहाला दोघींना घरी आणणं भाग होतं. बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या, कप हातात तसाच. तन्वीला वाटलं, पाहुण्यांचं मन रमवावं. मोबाइल पुढे केला, "काकू, बघा ना आमची गौर! पहिलाच ओवसा माझा."

बाईंनी कप खाली ठेवला. फोटो दोन बोटांनी मोठा केला. खूप वेळ बघितला. मी शेगडीपाशी दूध उतू जाताना बघत होते. ओरडतील असं वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"छान झाली गौर," त्या तन्वीला म्हणाल्या. मग मला, "निर्माल्य कुठं टाकलं?"

तलावाच्या काठाला निर्माल्याचे मोठे ड्रम ठेवलेले असतात. गाडी अजून आली नव्हती. बाई बौद्ध, त्यांच्या घरी गौरी-गणपती नाहीत. त्या बाईंनी दोन्ही हात कोपरापर्यंत त्या चिखलात घातले. जास्वंदी, दुर्वा, झेंडूचे हार, केळीची पानं उपसून कडेला रचत गेल्या. मीही घातले हात. येणारे-जाणारे नाकाला रुमाल लावून बघत होते. सोसायटीतला एकजण म्हणाला, "काय काकू, अंगठी पडली का?" मी म्हटलं, "हो." बघा, तिथेही खोटंच.

एक दांडा सापडला. तपकिरी, लिबलिबीत, तीन फुलं कशीबशी. बाईंनी तो पदराच्या टोकावर घेतला, धुतला आणि घरी येऊन माझ्याकडे वर्तमानपत्र मागितलं. मी निविदांचं पान शोधून दिलं. मुलीने भिंगातून पुन्हा पुन्हा बघितलं. आमरीच्या फुलाला खालची एक पाकळी असते, तिला ओठ म्हणतात. तिच्यावरूनच ती कोण ते ठरतं. "ओठ कुजलाय," ती म्हणाली. "याच्यावर मी छातीठोकपणे काहीच लिहू शकत नाही. यादीत आहे तेच राहणार, बाई."

बाईंनी मान हलवली. तरी दांडा नीट पसरला, घडी घातली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. जागा लिहिली. तारीख लिहिली. बुधवारची. मग विचारलं, "मॅडम, तुमचं पूर्ण नाव?"

"माझं कशाला?"

"संग्राहक लिहायचंय."

"अहो, तुमचं लिहा! शोधलं तुम्ही, राखलं तुम्ही."

"तोडलं कोणी?"

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मी माझं नाव सांगितलं. बाईंनी ते वळणदार अक्षरात, वडिलांच्या नावासकट विचारून लिहिलं. तो कागद त्या मुलीकडे साताऱ्याला गेला. अजून असेल. माझं नाव राहावं अशी मला इच्छा होती ना? राहिलं.

त्या संध्याकाळी बाई जानीला शोधत पाड्यावर जाऊन आल्या. ती घरातून बाहेर आली नाही. बाजारातही परत बसली नाही. भांडुपला स्टेशनबाहेर बसते असं नंतर कळलं. मी दोनदा गेले तिथे. दोन्ही वेळा फुलवाल्याच्या आडोशाने तिला बघितलं आणि परत आले. ट्रॅक झाला. सकाळी लोक त्यावर हात झटकत चालतात. बाई पुढे जालन्याला भाच्याकडे राहायला गेल्या. त्या वारल्याची बातमी कॉलेजच्या ग्रुपवर आली. खाली चाळीस हात जोडलेले आले. त्यात माझेही.

जालन्याला जाण्याआधी, पुढच्या भाद्रपदात, त्या एकदाच आल्या. गुडघा धरलेला, हातात काठी. या वेळी हाक मारली नाही. मीच गॅलरीतून बघितलं आणि चप्पल अडकवून मागे धावले. त्यांनी नको म्हटलं नाही. सिमेंट त्या पट्टीवरून गेलं होतं. कडेला वीतभर माती राहिली होती तिथे बसून त्यांनी गवत चाचपलं. एक पान. फूल नाही. वहीत लिहिलं, एक हजर. बाकीच्या ओळींपुढे गैरहजर, गैरहजर, गैरहजर.

एक ट्रॅकसूटवाला आम्हाला वळसा घालून गेला. मी त्यांच्या शेजारी खाली बसले आणि वर्षभर जे घोकलं होतं ते बोलले. "बाई, मला माफ करा. फुलांचं तर कराच, पण जानीचं नाव घेतलं त्याचंही."

बाईंनी वही पिशवीत ठेवली, चष्मा काढून पदराने पुसला. चष्म्याशिवाय त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या. म्हणाल्या:

"जानीला मी किती वर्षं ओळखत होते, मॅडम. तरी तुम्ही म्हणालात आणि मी तिच्या अंगावर गेले. कामून? तुम्ही ऑफिसातल्या आणि ती रस्त्यावरची. ती शरम माझी आहे. तुमची तुम्ही बघा."